सर्वानुमते मंजूर

आज सकाळी गावोगावी झेंडावंदन झाले असेल. शाळेच्या पटांगणात मुलांनी कवायत केली असेल, एखाद्या चिमुरडीने पाठ केलेले भाषण मध्येच अडल्यावर पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केले असेल, जिलबीच्या कढईपुढे गर्दी झाली असेल. त्यानंतर अनेक गावांत आणखी एक गोष्ट होते. ग्रामपंचायतीच्या दारात सतरंजी अंथरली जाते, टेबलावर जाडजूड रजिस्टर येते. गावात त्याला ‘प्रोसिडिंग’ म्हणतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या रूढ तारखा आहेत. आज त्यांतली पहिली.

सभेचा पहिला विषय बहुधा ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. ते वाचले जात नाही, कायम मात्र होते. मग घरकुलांची यादी, पाणीपट्टी, रस्ता, गटार, शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. आणि प्रत्येक ठरावाच्या शेवटी दोन शब्द येतात: सर्वानुमते मंजूर. सतरंजीवर तेव्हा पंधरा-वीस माणसे असतात. बायका झेंडावंदन पाहून चुलीकडे परतलेल्या असतात. गावकुसाकडच्या वस्तीतले कुणी आले असेल, तर ते कडेला उभे असते. उरलेल्या सह्या दुसऱ्या दिवशी रजिस्टर घरोघर फिरवून घेतल्या जातात. ज्यांनी ग्रामसभा पाहिली आहे, त्यांना यात नवे काही सांगितल्यासारखे वाटणार नाही. पण प्रजासत्ताकाच्या वाढदिवशी बोलायचे तर याच विषयावर बोलायला हवे, असे आम्हाला वाटते.

कारण या देशातल्या सगळ्या लोकशाही संस्थांत ग्रामसभा वेगळी आहे. लोकसभेत आपण खासदार पाठवतो, विधानसभेत आमदार, पंचायतीत सदस्य. ग्रामसभेत कुणालाच पाठवायचे नसते. मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती तिची सदस्य असते, आणि तिला तिथून पाच वर्षांनीही कुणी हटवू शकत नाही. २४ एप्रिल १९९३ रोजी लागू झालेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला राज्यघटनेत जागा दिली. २४ डिसेंबर १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला तर जमीन, गौण वनोपज, दारू आणि सावकारी यांबाबत बोलण्याचा अधिकार दिला. आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यात मात्र एक फट आहे. गणपूर्तीसाठी मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसे लागतात. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. गाव आले नाही तरी गावाचा ठराव होऊ शकतो. ‘सर्वानुमते’ या शब्दाचा अर्थ इथून पातळ होत गेला आहे.

या शब्दाचा पूर्ण अर्थ पाहायचा असेल तर गडचिरोली जिल्ह्यात धानोऱ्याजवळच्या मेंढ्याला जावे लागेल. लेखा ग्रामपंचायतीतले हे गोंडांचे गाव. शंभराच्या आसपास घरे, चारपाचशे लोकवस्ती. बाहेर ते ‘मेंढा-लेखा’ म्हणून ओळखले जाते आणि त्याची घोषणा आता महाराष्ट्राला पाठ आहे: दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. घोषणा गाजली. तिच्यामागे वर्षानुवर्षे बसून केलेले काम त्या मानाने कमी लोकांना ठाऊक आहे.

१९८० च्या दशकात गोदावरी आणि इंद्रावतीवर इचमपल्ली आणि भोपालपट्टणम ही मोठी धरणे येऊ घातली होती. त्यांच्या पाण्याखाली जंगल आणि आदिवासींची गावे जाणार होती. ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले, बाबा आमटे आणि लालश्याम शाह त्यात होते. मेंढ्याचे लोकही गेले. धरणे मागे पडली. मोर्चाहून परतलेल्या गावापुढे मग वेगळा प्रश्न उभा राहिला. सरकारला नको म्हणता आले, पण आपल्या गावात आपल्याला काय हवे ते कुणी ठरवायचे? देवाजी तोफा यांच्यासारखी गावातली माणसे आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या बोलण्यातून तिथे अभ्यासगट सुरू झाला. रात्री जेवणे झाल्यावर बसायचे, एक विषय घ्यायचा, कायदा असेल तर तो वाचायचा, कळला नाही तर कळणाऱ्याला बोलवायचे. अभ्यासगटात बाहेरच्यांनीही बोलावे. निर्णय मात्र गावाच्या सभेत, गावानेच घ्यावा. माहिती देणारा आणि निर्णय घेणारा यांच्यातली ही रेषा त्यांनी इतक्या लवकर आखली, याचे आम्हाला नेहमीच नवल वाटत आले आहे. आपल्याकडे बहुतेक चळवळींत माहिती असणारा माणूसच पुढे नेता होतो.

आणि निर्णय सर्वसहमतीने. एकाचा जरी विरोध असला तरी ठराव त्या दिवशी होत नाही. पुन्हा बसायचे, त्याचे काय म्हणणे आहे ते ऐकायचे, गरज पडली तर महिनाभराने पुन्हा. शहरातल्या माणसाला हे वेळखाऊ वाटेल, आणि ते तसे आहेच. पण ज्या निर्णयाला प्रत्येकाने स्वतः हो म्हटले आहे, तो पाळायला पोलीस लागत नाहीत. दारूबंदी अशीच झाली. बायका सभेला आल्या त्याही अशाच. पूर्वी त्या बैठकीत नसत. त्यांच्याशिवाय झालेल्या निर्णयांचे काय होते, हे गावाने अनुभवले होते. मधाचे पोळे जाळून मध काढण्याची जुनी रीत सोडून माश्या न मारता मध काढायला गाव शिकले, तेही असेच बोलता बोलता.

घोटुलाची हकिगत सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरोबर होणार नाही. गोंडांच्या तरुण मुलामुलींचे एकत्र जमण्याचे, नाचण्या-गाण्याचे, शिकण्याचे हे घर. मेंढ्याने ते पुन्हा उभे करायचे ठरवले आणि परंपरेप्रमाणे जंगलातले लाकूड आणले. वनखात्याने ते बेकायदा ठरवून घोटुल पाडले, लाकूड नेले. गावाने हाणामारी केली नाही. पुन्हा घोटुल बांधले, आणि आजूबाजूच्या गावांनीही आपापल्या गावात घोटुल बांधायचे ठरवले. त्यानंतर खात्याला माघार घ्यावी लागली.

वनहक्क कायदा २००६ मध्ये संमत झाला तेव्हा मेंढा तयार होते. ऑगस्ट २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क मेंढ्याला मिळाला. त्याच सुमारास शेजारच्या मर्दा गावालाही. देशात असा हक्क मिळालेली ही पहिली गावे. गावाच्या नावाने कागद आला. पण बांबू तोडून विकायला निघाल्यावर कळले की वाहतूक परवान्याचे पुस्तक वनखात्याकडेच आहे. वनहक्क कायद्याने बांबूला स्पष्ट शब्दांत गौण वनोपज म्हटले होते. जुन्या वनकायद्याच्या भाषेत मात्र बांबू हे झाड होते, आणि झाडावर हक्क खात्याचा. गवत की झाड या वादात दीड वर्षाहून अधिक काळ गेला. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. एका गावाला कायद्याने मिळालेला हक्क वापरता यावा म्हणून एका केंद्रीय मंत्र्याला आणि एका मुख्यमंत्र्याला तिथवर जावे लागले! मेंढ्यासाठी ते आले. ज्या गावांसाठी कुणी येत नाही, त्यांचे काय होते याचा अंदाज यावरून करता येतो. हक्काचा कागद द्यायचा आणि त्याची किल्ली खात्याच्या कपाटात ठेवायची, ही आपल्या राज्यकारभाराची जुनी सवय आहे. २०१३ मध्ये मेंढ्याने महाराष्ट्र ग्रामदान कायदा, १९६४ खाली आपल्या सगळ्या जमिनी ग्रामसभेच्या नावे करायचा निर्णय घेतला. त्यावर सरकारी मोहोर उमटवून घ्यायलाही गावाला पुन्हा वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली.

गडचिरोलीत हे एका गावापुरते राहिले नाही. अनेक ग्रामसभा आता तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात. कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली आणि तिच्या प्रतिनिधींत बायकांनी आपला वाटा ठरवून घेतला. ओडिशात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नियमगिरी डोंगरातल्या बारा ग्रामसभांना विचारले गेले, की तुमच्या डोंगरात बॉक्साइटची खाण हवी का? बाराच्या बारा सभा नाही म्हणाल्या, आणि खाण झाली नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग प्रत्येक गावाने मेंढा व्हावे. हे म्हणणे सोपे आहे आणि त्यात एक धोका आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवावर कठोर शब्दांत टीका केली. खेडे म्हणजे संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयतेचे ठिकाण आहे, असे ते म्हणाले, आणि घटनेने गावाऐवजी व्यक्तीला घटक मानले याचा त्यांना आनंद होता. पुढे त्याच महिन्यात ग्रामपंचायतींविषयीचा अनुच्छेद ४० घटनेत आला, पण बाबासाहेबांचा प्रश्न त्याने मिटला नाही. मेंढा हे एकाच समाजाचे गाव आहे, तिथे जमिनीची विषमता फार नाही. आपली इतर गावे तशी नाहीत. तिथे पाटलाच्या वाड्यासमोरच्या सभेत ‘सर्वानुमते’ म्हटले जाते, तेव्हा त्यातले किती जण खरोखर हो म्हणालेले असतात आणि कितींनी नुसती मान खाली घातलेली असते? उद्या ज्याच्या रानात खुरपायला जायचे आहे, त्याच्याविरुद्ध आज कोण हात वर करील?

गायरानाचा प्रश्न घ्या. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, लाखो माणसे तुरुंगात गेली. मराठवाड्यात गायरानावर कसणारी दलित आणि भटक्या समाजाची कुटुंबे आजही १४ एप्रिल १९९० ही तारीख तोंडपाठ सांगतात. त्या तारखेपर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय सरकारने केला होता. सातबाऱ्यावर नाव लागायचे अनेकांचे राहिलेच आहे. या माणसांना ‘गावाचे काय मत आहे ते घ्या’ असे म्हटले की पोटात गोळा येतो. गावाचे मत त्यांनी पिके उपटली जाताना पाहिलेले असते. स्मशानभूमीची वाट अडवली जाताना पाहिलेले असते. त्यांच्यासाठी गावाची सर्वसहमती हा आधार नाही, भीती आहे.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. गावाच्या सामायिक गोष्टी, म्हणजे जंगल, पाणी, चराई, निधी, यांच्याविषयी सहमतीने ठरवावे आणि एकाचाही विरोध ऐकून घ्यावा. पण माणसाचा हक्क सभेपुढे मताला टाकायचा नाही. पाणवठा सर्वांना खुला असेल की नाही, मेलेल्या माणसाला गावाची जागा मिळेल की नाही, हे विषयपत्रिकेवर येण्याचे विषयच नव्हेत. ते घटनेने ठरवून टाकले आहेत. ग्रामसभेचे काम त्यांची अंमलबजावणी करणे, एवढेच. ही मर्यादा पाळली तरच सर्वसहमती हा दुबळ्याचा आधार राहतो. नाही तर तो बलवानाचा नकाराधिकार होतो.

ही मर्यादा ओळखून एक मोठे पाऊल टाकल्याचे उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यात आहे. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने ४ मे २०२२ रोजी ठराव केला: नवऱ्याच्या मृत्यूनंतर बाईचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या प्रथा आमच्या गावात होणार नाहीत. ६ मे रोजी राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षे पूर्ण होत होती. कोरोनाने त्याआधीच्या दोन वर्षांत घरोघरी तरण्याताठ्या बायकांची कपाळे पांढरी केली होती. ज्याच्या अंगणात ते प्रेतापुढे बांगड्या फोडणे झाले आहे, त्याला या ठरावाचे मोल समजावून सांगावे लागत नाही. दोन आठवड्यांच्या आत राज्य सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचे अनुकरण करायला सांगितले. माणगावसारख्या गावांनी तसे केलेही. हेच ते माणगाव, जिथे १९२० च्या परिषदेत शाहू महाराजांनी आंबेडकरांच्या नेतृत्वाचे स्वागत केले होते.

हेरवाडच्या ठरावात शिक्षा नाही, दंड नाही, कायद्याचे कलम नाही. गावाने जाहीरपणे एक गोष्ट म्हटली, एवढेच. पण अंत्यविधीच्या वेळी ‘रीत आहे’ म्हणून पुढे होणाऱ्या हाताला ‘गावाने ठरवले आहे’ असे सांगता येते. एकट्या सुनेला किंवा एकट्या लेकीला जे बोलता येत नाही, ते ठराव तिच्या वतीने बोलतो. मात्र परिपत्रक निघाल्यावर किती गावांनी त्यावर बायकांना बसवून चर्चा केली आणि किती गावांनी प्रोसिडिंगमध्ये चार ओळी उतरवल्या, हा प्रश्न प्रत्येक गावाने स्वतःला विचारायचा आहे.

बायकांना बसवून, हे आम्ही मुद्दाम म्हणतो. नियमित सभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यावी, अशी तरतूद आहे. तिची दवंडी किती ठिकाणी पिटली जाते? दारूच्या दुकानाबाबत महाराष्ट्रात बायकांनी ‘आडवी बाटली’ची मते मिळवून गावोगावी बाटली आडवी केली, हा गेल्या काही दशकांतला आपल्या ग्रामीण जीवनातला एक तेजस्वी अध्याय आहे. त्यातली अट किती कडक आहे पाहा. झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून जास्त मते मिळून भागत नाही, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. ऊसतोडीला गेलेली, बाळंतपणाला माहेरी गेलेली, यादीत नाव राहिलेली मयत, यांतली प्रत्येक गैरहजेरी दुकानदाराच्या पारड्यात जाते. आमदार निवडायला एका मताचे आधिक्य पुरते. दुकान बंद करायला मात्र बाईला एवढे सिद्ध करावे लागते! आणि तरीही त्यांनी ते करून दाखवले आहे, एकदा हरल्यावर पुन्हा अर्ज करून दाखवले आहे. तहकूब सभेत गणपूर्तीवाचून ठराव करणाऱ्यांनी ही अट एकदा वाचावी.

प्रोसिडिंगकडे परत येऊ. त्यासाठी आधी राजस्थानात जावे लागेल. राजस्थानातल्या राजसमंद जिल्ह्यात देवडुंगरी नावाचे छोटेसे गाव आहे. तिथे १ मे १९९० रोजी मजदूर किसान शक्ती संघटना स्थापन झाली. अरुणा रॉय, शंकर सिंह, निखिल डे आणि त्यांच्याबरोबर दुष्काळी कामांवर खडी फोडणारे मजूर. किमान वेतन मिळत नव्हते. कारण विचारले की उत्तर मिळे, तुमचे काम कमी भरले, मस्टरमध्ये तसे लिहिले आहे. मस्टर दाखवा म्हटले की, ते सरकारी कागद आहेत. २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातल्या कोटकिराणा गावात त्यांनी पहिली जनसुनवाई भरवली. हाती लागलेली मस्टरची माहिती सगळ्या गावासमोर मोठ्याने वाचली. नाव पुकारले की माणूस उठून म्हणे, मी तर त्या कामावर गेलोच नव्हतो. गाव सोडून गेलेल्यांची नावे होती. मेलेल्यांचीही होती. १९९६ मध्ये ब्यावर शहरात चाळीस दिवस धरणे झाले. हिशेब बघायला मिळावा, एवढीच मागणी. त्या रस्त्याने पुढे जाऊन २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आला, आणि आपल्या राज्याने अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर तसाच कायदा त्याच्याही आधी केला होता.

देशाच्या कायद्यापर्यंत पोचलेल्या त्या चळवळीतली पहिली कृती इतकी साधी होती. रजिस्टर उघडून गावासमोर मोठ्याने वाचणे. अक्षर न येणाऱ्या माणसालाही त्यासाठी कुणाचा आधार लागला नाही, कान पुरले. लिहिलेले खोटे हे मिटलेल्या वहीत टिकते. ते ज्यांच्याविषयी लिहिले आहे त्यांच्या देखत वाचले गेले, की तिथेच कुणीतरी उभे राहून म्हणतो, हे असे झाले नाही.

आपल्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हे वाचन पहिल्याच क्रमांकावर लिहिलेले आहे. त्यासाठी नवा कायदा नको, मंत्री यायला नको, निधीही नको. मेंढ्याला चाळीस वर्षांपूर्वी जे करावे लागले त्याची सुरुवातही कुणीतरी वाचून दाखवण्यापासून आणि बाकीच्यांनी न उठता ऐकण्यापासूनच झाली होती.

आज सभेला जाल तर एवढे करा. घरातल्या बाईमाणसाला बरोबर घेऊन जा. कडेला उभ्या असलेल्याला सतरंजीवर जागा करून द्या. रजिस्टर सहीसाठी पुढे आले की सांगा, आधी मागचे इतिवृत्त मोठ्याने वाचा. आणि ते वाचून संपेपर्यंत जागचे उठू नका.